मुंबईच्या घरात बांगाई कार्डिनल: टँक भरण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत

मरिन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टँकमधला पहिला मासा म्हणून पुष्कळ लोक बांगाई कार्डिनल घेतात. चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे, परांवर पांढरे ठिपके, शांत स्वभाव आणि एका जागी तरंगत राहण्याची सवय. दिसायला देखणा, सांभाळायला सोपा. तरी आणल्यापासून दोन-तीन आठवड्यांत तो मेल्याच्या तक्रारी सतत ऐकू येतात. मग दोष पाण्याला दिला जातो, मिठाला दिला जातो, मुंबईच्या उकाड्याला दिला जातो. बऱ्याचदा मरणाचं कारण मात्र पिशवीतूनच घरी आलेलं असतं.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर दोन गोष्टींवर आहे: मासा कुठला घ्यायचा, आणि घरात पिल्लं झाली तर ती जगवायची कशी. मधल्या पायऱ्या कोणत्याही मरिन टँकच्याच आहेत. त्यात मुंबईत जे वेगळं करावं लागतं तेवढंच सविस्तर सांगितलं आहे.

## १. आधी हे ठरवा: मासा जन्मला कुठे?

या माशाचं मूळ घर फार छोटं आहे. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या पूर्वेला बांगाई द्वीपसमूह आहे, तिथल्या उथळ पाण्यात तो राहतो. मत्स्यशास्त्रज्ञ कौमन्स यांनी १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण शौकिनांच्या जगात तो आला १९९० च्या दशकाच्या मध्यावर. त्यानंतर जी पकड सुरू झाली ती थांबेना. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दरसाल सहा-सात लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज आहेत. २००७ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या लाल यादीत घातलं. सायटिस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१६ मध्ये आले, पण दोन्ही वेळा ते मागे घेतले गेले.

पकडीचा फटका याच माशाला इतका का बसतो, तर त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. बहुतेक रीफ (प्रवाळखडकांवरच्या) माशांची अंडी किंवा अळ्या समुद्रात वाहत जातात आणि दुसऱ्या खडकावर वस्ती करतात. बांगाईचा नर मात्र अंडी तोंडात सांभाळतो आणि तयार पिल्लं तिथल्या तिथे सोडतो. एका खाडीतले मासे उचलले की ती खाडी रिकामीच राहते, शेजारून कोणी येत नाही.

गंमत अशी की जी सवय त्याला समुद्रात नडते, तीच घरात पिल्लं वाढवणं सोपं करते. अळीची नाजूक अवस्थाच नसल्यामुळे डोळ्यांना न दिसणारं खाद्य तयार करण्याची कसरत करावी लागत नाही. थायलंडमध्ये हा मासा मोठ्या प्रमाणावर पैदास केला जातो. तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरजच नाही.

पकडलेला मासा टाळण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या खिशाशी निगडित आहे. या माशाला एक विषाणू ग्रासतो, त्याला बांगाई कार्डिनल इरिडोव्हायरस म्हणतात. पकडून गर्दीत साठवलेल्या, उपाशी, थकलेल्या माशांमध्ये तो झपाट्याने पसरतो. मासा काळवंडतो, कोपऱ्यात थांबतो, श्वास जोरात चालतो, खाणं सुटतं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते. यावर औषध नाही. दुकानदार देईल ती बाटली ओता, मासा वाचणार नाही.

## २. जागा, वजन आणि वीज

एका जोडीसाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक घ्या. सेंटिमीटरमध्ये ९० × ४५ × ४५, म्हणजे काठोकाठ भरला तर १८२ लिटर. दगड घातल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर प्रत्यक्षात १६० लिटरच्या आसपास पाणी मावतं. २ फुटी टँकमध्येही जोडी राहते, पण पाणी कमी असलं की तापमान आणि खारेपणा पटकन हलतो. नवशिक्याला मोठा टँक सोपा जातो, लहान नाही.

पाणी, १० मिलिमीटर काच, दगड आणि स्टँड मिळून वजन सहज अडीचशे किलोच्या घरात जातं. त्यामुळे टँक खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमच्या वर ठेवा. बाल्कनीत किंवा ग्रिलच्या बॉक्समध्ये अजिबात नको. जुन्या चाळीत लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर हा विचार सोडून द्या. स्टँडखाली थर्माकोल किंवा फोमची शीट अंथरा आणि पाणी भरण्याआधी लेव्हल पट्टी लावून बघा.

टँकच्या सॉकेटच्या लाइनवर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खारं पाणी वीज छान वाहून नेतं. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. बॅटरीवर चालणारा एक एअरपंप घरात हवाच. मुंबईत वीज फार जात नाही, पण पावसाळ्यात केबल फॉल्ट झाला तर चार-सहा तास सहज जातात.

बाकी सामान:

- स्किमर (हवेच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र, टँकच्या लिटरच्या दीडपट क्षमतेचा), एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप), टायमर लावलेला लाइट
- रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) आणि तो जुळवायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावण
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, अल्कलिनिटीचे (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची क्षमता) टेस्ट किट
- टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर, डिजिटल थर्मामीटर
- फक्त टँकसाठी ठेवलेल्या दोन बादल्या (साबण लागलेली बादली कितीही धुतली तरी चालणार नाही)
- ४० लिटरचा वेगळा क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायला), त्यात स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन एल्बो

वेव्हमेकर जोरात लावू नका. हा मासा धावणारा नाही. प्रवाह एका बाजूला ठेवा आणि निम्मा टँक शांत राहू द्या.

दगडांबद्दल एक सावधगिरीची सूचना. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा आहेत. ‘आपल्याच किनाऱ्यावरचा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला रीफचा दगड) आहे’ म्हणून कोणी प्रवाळाचा तुकडा विकायला काढला तर हात लावू नका. कोरडा सिरॅमिक किंवा कृत्रिम रीफ रॉक घ्या, १५ किलो पुरे. तो महिनाभराने तसाही जिवंत होतो.

## ३. पाणी आणि मीठ

गिरगाव, जुहू किंवा मढच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणायचा मोह आवरा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात नाले आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि जून ते सप्टेंबर त्याचा खारेपणा पावसाने उतरलेला असतो.

पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) काढलेलं हवं, टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातला प्युरिफायर चालेल का, हा पहिला प्रश्न असतो. थेट नाही. त्यात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते शुद्ध झालेल्या पाण्यात पुन्हा क्षार मिसळतं. मेंब्रेनच्या (आरओच्या गाळणीच्या) लगेच पुढून टी-जॉइंट काढून डीआयची नळी जोडता आली तर काम भागतं. वरच्या मजल्यावर गच्चीतल्या टाकीचा दाब कमी पडतो, तिथे बूस्टर पंप लागतो. दाब कमी असला की मेंब्रेन पाणी तर कमी देतंच, टीडीएसही वाढवून देतं. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, ते लादी पुसायला आणि फ्लशला वापरा.

मिठाचं गणित असं: बहुतेक मरिन सॉल्ट लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. १६० लिटरला ६ किलोच्या आसपास. आधी पाणी, मग मीठ. उलटं केलंत तर कॅल्शियम बसून पाणी दुधाळ होतं. वेव्हमेकर लावून रात्रभर फिरू द्या आणि सकाळी मोजा. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५, खारेपणा ३५ पीपीटी. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर जुळवला की काम झालं असं समजू नका, वरच्या टोकाला तो चुकू शकतो. ३५ च्या द्रावणाने जुळवा.

पावसाळ्यात मिठाची उघडी पिशवी आठवड्यात दगड होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागून गठ्ठा झालेल्या मिठात अल्कलिनिटीचा भरवसा राहत नाही.

रोज पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नाही. हा नियम उलटा केल्याने किती टँक खारट लोणचं झाले याला गणती नाही. काचेवर एक खूण करा आणि रोज तिथपर्यंत भरा. आठवड्याला १५ लिटर पाणी बदला, त्यात साधारण ५५० ग्रॅम मीठ.

## ४. मे आणि ऑक्टोबर

माशाला २५ ते २७ अंश बरं वाटतं. मुंबईत मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद घरातलं पाणी ३१-३२ वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची भूक-श्वास दोन्ही वाढतात, त्यामुळे संध्याकाळी ठीक दिसणारा मासा पहाटे धापा टाकताना सापडतो.

पाण्यावर फुंकणारे छोटे पंखे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतात, पण हवा कोरडी असेल तरच. मे अखेरीस आणि पावसाळ्यात हवाच ओली, पंखा काय करणार? १६० लिटरला १/१० एचपीचा चिलर लावा. तो टँकपेक्षा महाग पडतो, हे आधीच हिशोबात धरा. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता बाहेर टाकतो, ती जायला वाट नसेल तर त्याच गरम हवेत तो गुदमरतो आणि वीजबिल वाढतं.

एसीच्या खोलीत टँक असेल तर वेगळीच अडचण: रात्री २४, दुपारी एसी बंद, ३०. हा रोजचा झोका उकाड्याइतकाच वाईट. दिवसाचा फरक २ अंशांच्या आत राहिला पाहिजे. मुख्य टँकला हीटर लागत नाही. क्वारंटाइनच्या छोट्या टँकला जानेवारीत ५० वॅटचा लागू शकतो.

## ५. टँक पिकू द्या

पाणी भरल्यावर मासा लगेच नको. अमोनिया पचवणारे जिवाणू दगडात वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. १६० लिटरमध्ये १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. त्यात जिवाणूंची बाटली ओता आणि दर दोन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. तोवर लाइट लावायची गरज नाही, उगाच शेवाळ. शेवटी अर्धं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

क्वारंटाइनचा स्पंज याच काळात मुख्य टँकमध्ये टाकून ठेवा, म्हणजे तोही पिकतो.

## ६. खरेदी

क्रॉफर्ड मार्केटची दुकानं, कुर्ल्याचा शोभेच्या माशांचा बाजार, आणि फक्त मरिन करणारी मोजकी दुकानं अशी साधारण ठिकाणं. बाजारात गोड्या पाण्याचे मासे जास्त असतात. नुसतं ‘कार्डिनल’ मागितलंत तर कार्डिनल टेट्रा दाखवतील, तो गोड्या पाण्याचा. पायजमा कार्डिनल खाऱ्या पाण्याचा, पण वेगळा. नाव पूर्ण घ्या: बांगाई.

‘टँक ब्रेड (टँकमध्ये पैदास केलेला) आहे’ हे कोणीही म्हणेल. खातरजमा अशी करा:

पैदास केलेले मासे एका वयाचे, एका मापाचे येतात, सगळे अडीच ते चार सेंटिमीटर. एकाच टँकमध्ये एक सहा सेंटिमीटरचा, दोन चारचे, एक फाटक्या शेपटीचा असा मेळा असेल तर ते बहुधा पकडलेले आहेत. आयातीच्या कागदावर मूळ देश विचारा. इंडोनेशिया लिहिलं असेल तर प्रश्न वाढवा, कारण पैदास तिथेही होते पण पकडही तिथलीच. बिलावर माशाचं पूर्ण नाव आणि ‘कॅप्टिव्ह ब्रेड’ असं लिहून मागा. जो दुकानदार तोंडी ठामपणे सांगतो आणि लिहून द्यायला कचरतो, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

मग समोर खाऊ घालायला सांगा. पैदास केलेला मासा सहसा दाण्यावर येतो, पकडलेला बऱ्याचदा फक्त जिवंत आर्टेमियाकडे (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) बघतो. पोट आत गेलेलं, डोक्यामागचा भाग खपाटलेला, अंग काळपट, तळाशी तिरका थांबलेला मासा दया येऊन घेऊ नका. त्या टँकमधला एक मासा असा असेल तर त्यातला दुसराही नको. पाणी एकच असतं.

आल्या दिवशी मासा घेऊ नका. आठवडाभर दुकानातच राहू द्या आणि पुन्हा जाऊन बघा. चांगला दुकानदार थोडी आगाऊ रक्कम घेऊन ठेवतो.

किती घ्यायचे? जोडी ओळखून विकत घेणं अवघड आहे. नर-मादी बाहेरून जवळपास सारखे दिसतात. नराचा खालचा जबडा थोडा चौकोनी आणि भरलेला असतो, पण तेही वयात आल्यावर. लांब पाठपर म्हणजे नर, हे सर्रास सांगितलं जातं आणि त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे चार-पाच लहान मासे एकत्र घ्यायचे. लहानपणी ते थवा करून राहतात. काही महिन्यांनी दोघं बाजूला होऊन एक कोपरा धरतात आणि उरलेल्यांना हाकलायला लागतात. त्या दिवशी उरलेले काढायचे, पुढच्या रविवारी नाही. या शांत दिसणाऱ्या माशाचे प्रौढ नर ३ फुटी टँकमध्ये एकमेकांना मारतात. उरलेले कोणाला द्यायचे, ते खरेदीआधीच ठरवून ठेवा.

## ७. घरी आणणं

मुंबईत अंतरापेक्षा वेळ मोजा. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये हातात पिशवी धरून उभं राहण्यापेक्षा दुपारी निघा. पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा.

दुकानातून निघण्यापूर्वी त्यांच्या पाण्याचा खारेपणा विचारा, शक्य तर स्वतः मोजा. परजीवी दबून राहावेत आणि मीठ वाचावं म्हणून पुष्कळ ठिकाणी पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवलेलं असतं. तिथून थेट १.०२५ मध्ये टाकलेला मासा दिवसभर बरा वाटतो आणि मग खचतो. क्वारंटाइन टँक दुकानाच्याच खारेपणावर तयार ठेवा आणि नंतर दिवसाला ०.००१ ते ०.००२ इतका चढवत न्या.

पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, उघडा, मासा कपात घेऊन क्वारंटाइनमध्ये सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसण्याची पद्धत लांबून आलेल्या पार्सलसाठी घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्यात तासभर उभा.

क्वारंटाइन ३० दिवस. रोज अमोनिया मोजा, दोन दिवसांनी एक-दोन मग पाणी बदला. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, सोनेरी भुकटीसारखा थर, एका बाजूचाच कल्ला हलणं, यांपैकी काही दिसलं तर औषध इथेच द्या. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीच नको, त्यातले कोळंबी-शंख मरतात आणि तांबं दगडात मुरून बसतं.

## ८. खाणं, शेजारी आणि लपायची जागा

समुद्रात हा मासा पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव टिपून खातो. घरी गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), समृद्ध केलेला (पोषक द्रव्यं खाऊ घातलेला) आर्टेमिया आणि बारीक दाणे, दिवसातून दोनदा, थोडं थोडं. मासा संथ आहे, अन्न त्याच्या समोरून गेलं पाहिजे. पिपेटने पुढ्यात सोडा.

मासळी बाजारात मिळणारी ताजी कोळंबी बारीक चिरून देता येते, ताजा जवळाही चालतो. नीट धुवून, पातळ थरात आठवडाभर डीप फ्रीझ करून मगच द्या. त्याने परजीवी मरतात, जिवाणू-विषाणू मरतीलच असं नाही, त्यामुळे टँकमध्ये क्लीनर श्रिम्प (माशांना साफ करणारी कोळंबी) असेल तर हा प्रयोग नको. सुका जवळा तर नाहीच.

डॅमसेल, डॉटीबॅक, ट्रिगर, मोठे रास (wrasse) असे भांडखोर मासे शेजारी म्हणून नकोत. क्लाऊनफिशची जोडी, गोबी, ब्लेनी, फायरफिश चालतात. अगदी इवली शोभेची कोळंबी मात्र हा मासा खाऊन टाकेल.

समुद्रात लहान बांगाई लांब काट्यांच्या समुद्री अर्चिनमध्ये लपतात, धोका दिसला की काट्यांत शिरतात. घरात जिवंत अर्चिन नसला तरी बिघडत नाही. मुठीएवढ्या एपॉक्सीच्या गोळ्यात तीस-चाळीस काळे केबल टाय उभे खोचा, टोकं बोथट करा. दिसायला विनोदी, पण मासे पहिल्या दिवशी ताबा घेतात.

## ९. धूप, कॉइल, फवारणी

मुंबईच्या घरात मासे मारणारी ही गोष्ट परदेशी माहितीत सापडत नाही. एअरपंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. अगरबत्ती, गणपतीतला धूप, डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, सगळं त्या हवेतून पाण्यात जातं. डास-झुरळांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायनं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीवर्गाला विषारी आहेत. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा पालिकेची धूर फवारणी असेल तेव्हा खिडक्या बंद करा, एअरपंप आणि स्किमरची हवा बंद करा, टँकवर ओली चादर टाका, पाणी हलतं ठेवायला वेव्हमेकर चालू राहू द्या. हवा मोकळी झाल्यावर अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. मोलकरीण किंवा पाहुणे घरात असतील तर हे त्यांनाही सांगून ठेवा.

## १०. जोडी, अंडी, पिल्लं

जोडी स्थिर झाली आणि भरपेट खाऊ लागली की मादी नराला खेटून थरथरताना दिसेल. हे काही तास किंवा काही दिवस चालतं. मग नारिंगी अंड्यांचा गोळा, साधारण ४० ते ७० अंडी, प्रत्येक जवळपास ३ मिलिमीटर, नर तोंडात घेतो. ओळख सोपी: हनुवटी फुगलेली, तोंड अर्धवट मिटलेलं, अन्न समोर आलं तरी वळून जातो. तारीख लिहून ठेवा. पुढचं सगळं तारखेवर चालतं.

पहिल्या एक-दोन वेळा नर अंडी गिळतो किंवा थुंकतो. नवखा आहे, शिकेल. दचकवू नका, त्या काळात टँकमध्ये हात घालून दगड हलवू नका.

अंडी २० दिवसांच्या आसपास फुटतात, पण पिल्लं आणखी आठवडा-दहा दिवस तोंडातच राहतात. म्हणजे नर जवळपास महिनाभर उपाशी. २२-२३ व्या दिवशी, लाइट बंद झाल्यावर, मंद उजेडात, पाण्याखालीच पारदर्शक डबा तिरका धरून नराला आत हलवा आणि पाण्यासकट पिल्लांच्या टँकमध्ये न्या. जाळी वापराल तर तो पिल्लं थुंकेल. टँक ४० लिटरचा, पिकलेला स्पंज फिल्टर, पाणी मुख्य टँकचंच आणि मधोमध केबल टायचा एक अर्चिन. पिल्लं बाहेर पडली की नर काढून घ्या, भुकेला बाप स्वतःचीच पिल्लं उचलतो. बाहेर आलेली पिल्लं प्रौढांची छोटी प्रतिकृती असतात, पट्ट्यांसकट, आणि थेट अर्चिनमध्ये शिरतात.

आता आर्टेमिया. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम आर्टेमियाची अंडी, जोरदार हवा, उजेड, २६ ते २८ अंश. मुंबईत बाटली ओट्यावर ठेवली तरी हे तापमान मिळतं. १८ ते २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर, जिवंत पिल्लं खाली. खालून नळीने काढा, गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं माशाच्या पिल्लांच्या पोटात अडकतात, त्यामुळे इथे घाई नको.

पहिले तीन-चार दिवस ताजा निघालेला आर्टेमिया चालतो, पण फक्त त्यावर पिल्लं वाढवलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र प्रकार घडतो. लाइट लागला, दार आपटलं, टँकला धक्का लागला, की पिल्लू गिरकी घेऊन तळाशी पडतं आणि मरतं. रोग नाही, आहारात लांब साखळीची मेदाम्लं कमी पडल्याची ही लक्षणं आहेत. आर्टेमियात ती मुळातच कमी असतात. म्हणून आर्टेमियाला आधी खाऊ घालायचं. अंड्यातून निघाल्यावर पहिले काही तास त्याला तोंडच नसतं, साधारण १२ तासांनी ते उघडतं. तेव्हा त्याला मेदाम्लांचं एनरिचमेंट द्रावण घातलेल्या वेगळ्या बाटलीत १२ तास ठेवा, मग गाळून, धुवून पिल्लांना द्या. म्हणजे दोन बाटल्या आळीपाळीने चालू राहिल्या पाहिजेत, आज एक लावली नाही तर परवा पिल्लं उपाशी. शिवाय लाइट एकदम लावू-विझवू नका. खोलीचा दिवा आधी, टँकचा नंतर.

दिवसातून तीनदा खाणं, रोज तळ उपसून १० टक्के पाणी बदल. तिसऱ्या आठवड्यापासून आर्टेमियात चेचलेला मायसिस मिसळत जा, मग बारीक दाणे. अडीच-तीन महिन्यांत पिल्लं अडीच सेंटिमीटरच्या आसपास येतात.

इकडे नराला विसरू नका. त्याला दोन-तीन आठवडे मुख्य टँकपासून वेगळं ठेवून भरपूर खाऊ घाला, कारण मादी लगेच पुढच्या विणीला तयार असते आणि लागोपाठ उपवास नराला झेपत नाहीत.

## ११. पिल्लं कोणाला द्यायची

अडीच सेंटिमीटरच्या आत आणि दाण्यावर न आलेलं पिल्लू कोणालाही देऊ नका. एकाला चार-पाच द्या, एक सुटं नको. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: जन्मतारीख, खारेपणा, काय खातं, आणि कोणत्या जोडीचं. शेवटची नोंद महत्त्वाची, कारण दोन वर्षांनी मुंबईत एकाच जोडीची नातवंडं एकमेकांशी जुळवली जायला वेळ लागत नाही. घेणाऱ्याच्या टँकमध्ये दुसऱ्या विणीचं पिल्लू आधीच असेल तर ते एकत्र वाढवायला सांगा. दुकानात देत असाल तर पकडून आणलेल्या बांगाईंच्या पाण्यात ती सोडणार नाहीत, हे आधी कबूल करून घ्या.

नकोशी झालेली पिल्लं समुद्रात सोडायची नाहीत. इंडोनेशियातच लेंबे सामुद्रधुनीत व्यापाराच्या वाटेवर सुटलेल्या बांगाईंनी मूळ घरापासून शेकडो किलोमीटरवर वस्ती केली आणि ती टिकून आहे. देण्याआधीचे २४ तास पिल्लं उपाशी ठेवा, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा भरा, आणि लांबच्या प्रवासाला पिशवीत एकच पिल्लू.